वाढत्या अंगाचा अंगरखा

१६ जून, सोमवार
आजपासून अबोलीची शाळा सुरू. घरी.
मे महिन्यात पुण्याहून नोएडाला आलो तेव्हाच राघवने जवळच्या दोन शाळांची नावं काढून ठेवली होती. मी म्हटलं, मीसुद्धा चौथीपर्यंत घरी आईजवळच शिकले, माझं काय बिघडलं? राघवने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाला, ठीक आहे, नोव्हेंबरपर्यंत बघू. नोव्हेंबरात इथल्या होमस्कूलवाल्यांच्या ग्रुपचा ‘इतिहास दिवस’ असतो. मुलं पोशाख घालून येतात आणि आपला विषय सांगतात. तो बघायचा आणि मग ठरवायचं, अबोली घरीच शिकणार की शाळेत जाणार.
मला एवढं पुरे. योजना तयार आहे. हडप्पापासून स्वातंत्र्यापर्यंत सहा पोशाख, सगळे मी शिवणार, आणि धडा तो पोशाख अंगात घालूनच.
अबोलीने विचारलं, वर्गात अजून कोण कोण आहे? म्हटलं, तू आणि मी. ती म्हणाली, अच्छा.

१९ जून
हडप्पा झालं. शिवण लागलीच नाही, चादर गुंडाळली. रात्री चादरीचं लेबल पाहिलं. पॉलिस्टर मिक्स. धडा रद्द धरला.

२ जुलै
सहा पोशाख म्हणजे वरवरचं काम. एकच विषय, पण मुळापासून. मराठे दिल्लीत, १७७१. आपण मराठी, आपणही दिल्लीत. (नोएडा. पण मेट्रोने जवळच.) अबोली होणार मराठा सरदार. अंगरखा, तुमान, पागोटं.
अबोली म्हणाली, मराठ्यांकडे घोडे होते ना? म्हटलं, होते. मग मी घोडा. तिला शांतपणे समजावलं की घोडा अंगरखा घालत नाही. म्हणाली, म्हणूनच.

८ जुलै
करोल बाग. सात दुकानं. दुकानदार म्हणाला, मॅडम, स्कूल का फंक्शन है क्या, रेडीमेड दे दूँ? म्हटलं, स्कूल नहीं है. मग म्हणाला, तो शादी है? शेवटी पांढरं सुती कापड मिळालं, हातमागाचं आहे असं तो शपथेवर म्हणाला. शपथेचं काय करायचं ते ठरलेलं नाही.
दुकानात दुसऱ्या एका बाईंची मुलगी होती. अबोली तासभर तिच्याबरोबर कापडाच्या गठ्ठ्यांमागे लपाछपी खेळली. निघताना खूप रडली. ऊन लागलं असणार.

१० जुलै
माप घेतलं. तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, वाढत्या अंगाचं शिव हो, आत दाब ठेव दोन बोटं, पुढे उसवून वाढवता येतं. म्हटलं, आई, हा अंगरखा आहे, शाळेचा युनिफॉर्म नव्हे. मराठे सरदार ढगळ कपड्यांत दिल्लीत शिरले नव्हते. त्या म्हणाल्या, तू होतीस का बघायला?
मी राघवला फोन दिला. दाब ठेवलेला नाही.

२१ जुलै
मशीनवर दोन शिवणी झटपट मारल्या. छान सरळ आल्या. मग लक्षात आलं, १७७१ मध्ये मशीन कुठलं? टाकाच खोटा असेल तर त्याच्यावर इतिहास खरा कसा शिकवणार? उसवलं. यापुढे फक्त हातशिलाई, सुती दोरा, आणि तीही दिवसाच्या उजेडात. चष्म्याचाही विचार केला. चष्मा ठेवला.

५ ऑगस्ट
अबोली रोज विचारते, आज मराठे कुठपर्यंत आले? जिथे काल होते तिथेच. अंगरखा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलेलं आहे. राघवने विचारलं, कुणी ठरवलं? मी पुढचा टाका घातला. धावदोरा घालताना बोललं की टाका मोठा पडतो.
सकाळी शाळेच्या बसेस येतात त्या वेळेला अबोली बाल्कनीत उभी असते. कुठल्या बसमध्ये किती मुलं चढतात ते तिला पाठ आहे. निरीक्षणशक्ती उत्तम.

३ सप्टेंबर
ठाण्याहून माझ्या आईचा फोन. आधार मिळेल म्हणून तिला सगळं सांगितलं. आई म्हणाली, अगं, तुझ्या बाबांची बदली कुठल्या कुठे, तिथे शाळाच नव्हती म्हणून घरी शिकवलं मी तुला! असती तर दुसऱ्याच दिवशी धाडलं असतं. आईचा स्वभाव फार विनयशील आहे.
वर म्हणाली, आणि पाचवीत घातलं तेव्हा दर सोमवारी पोट धरून बसायचीस, आठवतं का? आठवतं. तिथलं पाणी खराब होतं. आईबाबांना काही झालं नाही, कारण त्यांना सवय होती.
शाळेत मला तसा काही त्रास झालेला नाही. डबा एकटी खायचे, पण ते स्वच्छतेच्या दृष्टीने.

२४ सप्टेंबर
अंगरखा बांधायचे बंद लावले. पुस्तकातल्या चित्रात ते डाव्या काखेशी आहेत. अबोलीच्या खांद्यावर अंगरखा नुसता धरून फोनमध्ये पाहिलं तर उजवीकडे! उसवले. दुसऱ्या बाजूला लावले. फोनमध्ये बरोबर दिसलं. नंतर अबोली समोर आली तर परत उजवीकडे. ती म्हणाली, आई, तू सेल्फी कॅमेऱ्यात बघतेस यार, तो उलटं दाखवतो.
हे तिने आधी का सांगितलं नाही? म्हणाली, तू म्हणालीस हलू नको, बोलू नको.
उसवले.

१२ ऑक्टोबर
बाह्या लागल्या. दोन्ही डाव्या.

१३ ऑक्टोबर
बाह्या काढल्या.

५ नोव्हेंबर
हवा अतिशय वाईट. दुपारी बारा वाजता खिडकीत संध्याकाळ. दिवसाचा उजेडच नाही, त्यामुळे काम बंद. ट्यूबलाइट लावून शिवता येईल, असं राघव म्हणाला. त्याला मुद्दा कळलेलाच नाही.
पण एक चांगली बातमी. ग्रुप चालवणाऱ्या केतकीचा मेसेज आला. हवेमुळे इतिहास दिवस जानेवारीत. अनायासे दोन महिने मिळाले! अस्तर पुन्हा नव्याने करता येईल, त्यात दोन ठिकाणी टाके समान नाहीत.
शाळाही ऑनलाइन. मी राघवला म्हटलं, बघ, आता अख्खी दिल्ली होमस्कूल. तो म्हणाला, त्यांच्या स्क्रीनवर निदान तीस पोरं असतात, मैत्रेयी.

११ नोव्हेंबर
शेजारच्या फ्लॅटमधला मुलगा ऑनलाइन वर्गात बसतो. आमच्या भिंतीतून हजेरी ऐकू येते. आज पाहिलं तर अबोली भिंतीला कान लावून बसली होती आणि प्रत्येक नावाला हळूच ‘प्रेझेंट मॅम’ म्हणत होती. सगळ्यांच्या वतीने.
उच्चार स्पष्ट आहेत. इंग्रजीची चिंता नाही.
दुपारी काहीच शिवलं नाही. उजेड नव्हता.

१८ डिसेंबर
अबोलीचा नववा वाढदिवस. आम्ही तिघं आणि केक. तिने पुण्याच्या मैत्रिणींना व्हिडिओ कॉल लावला. त्या शाळेत होत्या. मी म्हटलं, आपल्याला बघ वेळेचं कसलंच बंधन नाही. ती म्हणाली, हो, बिल्कुल नाही.
अस्तर छान बसलं.

१० जानेवारी
अंगरखा पूर्ण!! एकही टाका मशीनचा नाही. हँगरला लावून सगळ्या बाजूंनी पाहिला. घालून बघायचा मोह टाळला, इस्त्री मोडेल. तुमान आणि पागोटं यांच्याऐवजी लेगिंग आणि ओढणी. ती बाजू दुय्यम आहे.
मला खात्री आहे, उद्याच्या इतिहास दिवसात राघवचा प्रश्नच मिटेल.

११ जानेवारी, सकाळी
अंगरखा मुंढ्यातच अडकला. एक हात आत, एक बाहेर, आणि डोकं कुठेतरी मध्ये. आतून अबोली म्हणाली, आई, ओढू नको, फाटेल, तू परत शिवशील.
जुलैत माप घेतलेलं आहे. इतक्यात कुणी एवढं वाढतं का?
राघव पंख्याकडे बघत होता. हिवाळ्यात पंखा बंद असतो.

११ जानेवारी, संध्याकाळी
तरी गेलो. अंगरखा पिशवीत घेतला. निदान हातशिलाईचं तंत्र पालकांना समजावून सांगता येईल, असा विचार केला.
पार्कात केतकीची देविका, वय सात, फुलपाखरू होऊन आली होती आणि पंख तुटल्यामुळे भोकाड पसरून बसली होती. मी केतकीला बंद कुठल्या काखेशी असतात ते सांगत असताना अबोलीने पिशवीतून अंगरखा काढला आणि देविकाच्या अंगात घातला. बरोबर बसला. अगदी मापाचा. मग अबोलीने माझी तपकिरी शाल कमरेला शेपटीसारखी बांधली, देविकाला पाठुंगळी घेतलं आणि सुटली. दोन मिनिटांत आणखी सहा पोरं घोडे झाली. एक झाशीची राणी आणि एक सम्राट अशोक तलवारी टाकून घोडे झाले. सगळे किंचाळत होते, दिल्ली आ गई, दिल्ली आ गई!
केतकीने विचारलं, कपडे मस्त आहेत हां, भाड्याने कुठे मिळाले?
अबोली घरी यायला तयार नव्हती. गाडीत बराच वेळ धापा टाकत होती. मग म्हणाली, बाबा, शाळेत रोज असतं का असं? राघव म्हणाला, घोडे नसतात. बाकी असतं. ती म्हणाली, चलेगा.
कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी शालीवरची माती झटकत होते.

२४ फेब्रुवारी
शाळेत मुलाखत. प्रिन्सिपल मॅडमनी हिंदीत विचारलं, बेटा, घर पर हिस्ट्री में क्या सीखा? अबोली म्हणाली, मराठे जुलैमध्ये निघाले आणि जानेवारीत दिल्लीला पोचले. मध्ये कपडे शिवायला थांबले होते.
मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. मी लगेच खरा घटनाक्रम सांगू लागले. त्या म्हणाल्या, मॅम, रिलॅक्स, हो गया.
चौथीत प्रवेश मिळाला.

२८ मार्च
युनिफॉर्म आणला. वाढत्या अंगाचा. स्कर्ट लांब होता, आत दाब घालून कड शिवली. मशीनवर, पॉलिस्टर दोऱ्याने, ट्यूबलाइटखाली. दहा मिनिटं लागली. उसवावं असं कुठेच काही दिसलं नाही.

५ एप्रिल, रविवार
अबोलीला शाळेची नीट तयारी करून दिली. दाराजवळचा बाक धर. कुणी हसलं तर पुस्तकात बघ. डबा एकटी खाल्लास तरी काही बिघडत नाही. पोट दुखलं तर मॅडमना सांग, मी लगेच येते, फोन हातातच असेल. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, आई, डबा मी सगळ्यांबरोबर खाणार आहे. दोन पोळ्या जास्त दे ना.

६ एप्रिल, सोमवार
बस आली. अबोली चढली. चढताना आतल्या कुणाला तरी हात करत होती, ओळख कधी झाली कोण जाणे. खिडकीतून तिच्या वेणीचा फक्त रिबीनवाला शेंडा दिसला.
सकाळपासून पोट दुखतंय. माझं.
पाणी असणार. आरओचं फिल्टर बदलून घ्यायला हवं.