भाऊजी, सोडा

२ मार्च, सोमवार
सेट आला. खोक्यात वायरलेस सेट, माईक, अँटेना, वायरी, पत्र्याचा एक हूक आणि जाडजूड पुस्तिका. पुस्तिका बाजूला ठेवली. ती ज्यांना समजत नाही त्यांच्यासाठी असते.

आधी काय झालं ते एकदाच लिहून ठेवतो, पुन्हा लिहिणार नाही. मागच्या महिन्यात नदीच्या पात्रात बायको डावीकडे म्हणाली. इंजिनाच्या आवाजात मला उजवीकडे ऐकू आलं. जीप बोनेटपर्यंत चिखलात. मोबाईलला रेंज नाही. रस्त्यापर्यंत चालत आलो. घरी आल्यावर एवढंच म्हणाली की तुम्हाला ऐकूच येत नाही. मग बॅग भरून भावाकडे गेली.

म्हणजे दोष संपर्काच्या साधनाचा होता. साधन घेतलं.

फोन ती घेत नाही. फोनवर तुम्ही एकटेच बोलता, असा मेहुण्यामार्फत निरोप. सेटला मात्र तयार झाली. सेटवर एका वेळी एकालाच बोलता येतं, दुसऱ्याला तोवर ऐकावंच लागतं, तेवढं तरी होईल, म्हणाली. मेहुण्याच्या घरी सेट आहे, गच्चीवर अँटेना आहे, परवान्याची कागदपत्रंही त्यानेच केली. तेवढं त्याला जमतं. रोज संध्याकाळी सात वाजता ती सेटपाशी बसणार. रविवारी, पंधराला, त्याच्या जीपवाल्या ग्रुपची नदीची ट्रिप, ज्याने त्याने आपली जीप आणायची. त्या दिवशी माझ्या जीपमध्ये बसायचं की भावाच्या, आणि नंतर कोणाच्या घरी जायचं, हे ती तोवर ठरवणार.

दोन दिवसांचं काम आहे. वेळ भरपूर.

४ मार्च, बुधवार
बॅटरीपासून सेटपर्यंत एक लाल आणि एक काळी वायर. एवढ्यासाठी लोक वायरिंगवाल्याला बोलावतात.

इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडलं. पत्र्याच्या मागे काय आहे ते आधी बघायचं, असं कोणीही म्हणेल. मागे काचेवर पाणी मारायची नळी होती. तिचं फारसं काम पडत नाही.

अँटेनासाठी टपावर बरोबर मध्यभागी भोक. नंतर टेप लावून मोजलं. मग दुसरं भोक, बरोबर मध्यभागी.

५ मार्च, गुरुवार
जोडणी पूर्ण. बटण दाबलं. हॉर्न वाजला. सेट बंद केला तरी वाजत राहिला. शेजारचे काका कुंपणावरून विचारत होते, कोणी पाहुणे यायचेत का. म्हटलं, चाचणी आहे. ते म्हणाले, पास झालात.

६ मार्च, शुक्रवार
वायरिंगवाल्याला बोलावलं. केवळ वेळ वाचावा म्हणून. त्याने बोनेटखाली डोकं घातलं, बराच वेळ काढलं नाही. मग विचारलं, हे कोणी केलं. मी सांगितलं, आधीच्या माणसाने. तो म्हणाला, साहेब, त्या माणसाला पुन्हा गाडीला हात लावू देऊ नका. मी म्हटलं, बरोबर आहे, फार निष्काळजी होता.

हॉर्न थांबला. माईकचा हूक कुठे बसवू म्हणून विचारत होता. ते माझं मी करणार, म्हटलं. सगळंच परक्या हातांनी झालं तर तिला काय सांगणार?

७ मार्च, शनिवार
कंपनीचा हूक कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा आहे. त्यावर माईक नुसता लोंबकळतो. मी मोबाईलचा होल्डर बसवला. स्प्रिंगच्या दोन दांड्या, माईक दोन्ही बाजूंनी गच्च. कसाही खड्डा येऊ दे, हलणार नाही. माईक होल्डरमध्ये घातला की सेटवर लाल दिवा लागतो. जोडणी पक्की असल्याची खूण असावी.

सेटमध्ये एक सोय अशी की माणूस सलग बोलत राहिला तर काही वेळाने सेट आपोआप त्याचं बोलणं तोडतो. ती बंद करून टाकली. मशीनने मला गप्प करायचं नाही.

मेहुण्याचा सगळा ग्रुप याच चॅनेलवर असतो, त्यांची भाषा गमतीची आहे. माईकच्या कडेचं बटण दाबून बोलायचं आणि झालं की ‘सोडलं’ म्हणायचं. म्हणजे बटण सोडलं, आता तुम्ही बोला. ‘ओव्हर’ असा चांगला शब्द असताना. मी ओव्हरच म्हणणार.

८ मार्च, रविवार
सात वाजता पहिला कॉल. हॅलो, मी बोलतोय, ऐकू येतंय का, ओव्हर. माईक ताबडतोब होल्डरमध्ये. बोलून झालं की वस्तू जागेवर, हा माझा जुना नियम.

उत्तर नाही. पुन्हा कॉल, पुन्हा माईक जागेवर. उत्तर नाही.

शेडमध्ये जीपमध्येच बसून राहिलो. वाट पाहताना मोठ्याने विचार करायची मला सवय आहे. चहाची गाळणी सापडत नाही, त्याबद्दल विचार केला. मग मेहुण्याच्या हसण्याबद्दल. तो हसतो तेव्हा सायकलच्या पंपासारखा आवाज येतो. तसा आवाज काढून पाहिला. दुसऱ्या प्रयत्नात हुबेहूब जमला. शेडमध्ये ऐकायला कोण आहे.

९ मार्च, सोमवार
सकाळी बॅटरी ठार. रात्रभर सेट चालू राहिला होता, पण नुसता चालू सेट एवढी बॅटरी खाईल? शिवाय हात ठेववत नाही इतका गरम. म्हणजे आत काम जोरात चालू असणार. बॅटरी चार्जिंगला लावली.

मेहुण्याचे चार फोन. घेतले नाहीत. सल्ले नकोत. संध्याकाळी सातचा कॉल केला, उत्तर नाही. नंतर त्याचा मेसेज आला. फक्त: भाऊजी, सोडा.

हे बरं झालं. रविवारच्या ट्रिपसाठी सोडा आणायचं काम त्याने माझ्याकडे दिलं. विश्वास असल्याशिवाय कोणी असं सांगत नाही.

१० मार्च, मंगळवार
सोड्याच्या बाटल्यांचा एक क्रेट आणला. जीपच्या मागच्या सीटवर बांधून ठेवला.

संध्याकाळी उत्तर नाही. अँटेनाची वायर बदलली. उत्तर नाही. फ्यूज बदलला. उत्तर नाही. ती सेटपाशी बसतच नसेल, असं क्षणभर वाटलं. पण ती बोलल्याप्रमाणे करते. तिचा तोच तर त्रास आहे.

११ मार्च, बुधवार
दोष अर्थिंगचा. आता शंका उरली नाही. काळी वायर जिथे पत्र्याला जोडली आहे तिथे रंग आहे, आणि रंगातून करंट जात नाही. सातला हॅलो, ओव्हर, माईक जागेवर. मग जीपमध्ये बसून अर्थिंगचे चार प्रकार स्वतःला समजावून सांगितले, प्रत्येकाचे फायदेतोटे. तासभर सहज गेला. तेवढ्या वेळात सेटमधून चिटपाखरूही बोललं नाही.

१२ मार्च, गुरुवार
पत्रा घासला. अर्थिंग नवं केलं. फरक नाही.

दुपारी मेहुण्याचा दुसरा मेसेज. भाऊजी, हात जोडतो, सोडा आता. सगळ्यांना त्रास होतोय. ताईलाही.

पुन्हा पुन्हा वाचला. हा पिण्याचा सोडा नव्हे. सोडा म्हणजे सोडून द्या. तिला. बहिणीच्या वतीने भावाने लिहिलेलं आहे. त्रास होतोय म्हणे.

आणि मी अख्खा क्रेट आणून ठेवला.

सातला कॉल केला नाही. सेट चालू केला, माईक होल्डरमध्येच राहू दिला आणि काचेकडे बघून बोललो, तिच्याशी बोलल्यासारखं. म्हटलं, जेवायला ताट एकच घेतो, पण पाण्याचे ग्लास हाताने दोन भरले जातात. दुसरा सकाळी ओतून टाकतो. म्हटलं, तुझ्या बाजूचा दिवा रोज लावतो आणि रोज बंद करतो, तो खराब होऊ नये म्हणून. आणखीही काही म्हटलं. शेडमध्ये धूळ फार आहे, डोळ्यांना पाणी येतं. हे कोणापुढे बोलायचं नाही.

१३ मार्च, शुक्रवार
सगळं उखडलं. डॅशबोर्ड काढला. सीट काढल्या. वायरी अंगणात पसरून ठेवल्या. काकांनी विचारलं, विकायला काढलीत का. पुन्हा एकेक वायर जोडत गेलो. एक लाल वायर उरली. ती कुठून आली होती ते आठवत नाही. वायरिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आधीच्या माणसाला विचारा.

१४ मार्च, शनिवार
जीप सुरू होते, पण ढकलल्यावर. इंडिकेटर दिला की वायपर चालतात. सेट चालू, लाल दिवा लागतो, सेट गरम होतो, आवाज येत नाही. सातला हॅलो म्हटलं. ओव्हर म्हटलं, माईक जागेवर.

उद्या समोरासमोर बोलणार. मुद्दे ठरवले. नऊ आहेत.

१५ मार्च, रविवार, दुपार
क्रमाने लिहितो.

नदीकाठी ग्रुपच्या सगळ्या जीप रांगेने उभ्या. काकांनी आणि दूधवाल्याने ढकलल्यामुळे मी वेळेत पोचलो. कधीही न पाहिलेल्या एका माणसाने हात मिळवला आणि विचारलं, गाळणी सापडली का. दुसरा एक जण मला बघून सायकलच्या पंपासारखा हसला. एका बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मला वाटलं, बायकोने घरातलं सगळं बाहेर सांगितलं. मनातून फार दुखावलो.

मेहुणा आला. हसला नाही. म्हणाला, भाऊजी, आठवडाभर तुम्ही जागे असेपर्यंत आमचं चॅनेल बंद होतं. कोणालाच काही बोलता येत नव्हतं. मग सगळे बसून तुमचंच ऐकायचे.

मला अर्थ लागेना. तेवढ्यात बायको आली. जीपचं दार उघडून आत वाकली, सेटकडे बघितलं, होल्डरकडे बघितलं आणि दोन बोटांनी माईक ओढून बाहेर काढला. लाल दिवा विझला. सेटमधून कोणीतरी ओरडलं, सोडलं रे, सोडलं! मागून टाळ्या ऐकू आल्या. सेटमधून ऐकलेला हा पहिला आवाज.

होल्डरच्या दांड्या बरोबर बटणावर बसत होत्या. बटण दाबलेलं असलं की आपण बोलत असतो, म्हणाली ती. मग दुसऱ्याचं ऐकू येत नाही. मी रोज उत्तर देत होते. तुम्ही बोलून झालं की लगेच माईक तिथे खोचत होता.

मी विचारलं, काय उत्तर देत होतीस. ती म्हणाली, बुधवारी विचारलं होतं, येऊ का परत, नुसतं हो किंवा नाही सांगा. तुम्ही अर्थिंगचं सांगत होता.

मी सांगू लागलो की अर्थिंगचा प्रश्न मुळात का निघाला. रंगातून करंट जात नाही इथपर्यंत आलो होतो. तिने माईक माझ्या हातात ठेवला. म्हणाली, दोन ग्लासांचं ऐकलं मी. मग म्हणाली, सातला बोलू. आणि भावाच्या जीपमध्ये जाऊन बसली.

माझी जीप पुन्हा सुरू झाली नाही. दोर बांधून घरी आणली. सोडा सगळ्यांनी प्यायला. का आणला हे कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी, सातच्या आधी
ती सातला बोलू म्हणाली. म्हणजे सगळं संपलेलं नाही. होल्डर काढून फेकला. पत्र्याचा हूक कचऱ्याच्या डब्यातून शोधून बसवला. चांगला आहे. माईक कसा मोकळा लटकतो.

निश्चय: आज ती विचारेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. मुद्दे नाहीत. तिने विचारलं की नुसतं हो म्हणायचं. मग सोडलं. ओव्हर म्हणायचं नाही.

शेडचं दार आतून लावून घेतलं, बाहेरचे आवाज मध्ये यायला नकोत. सेटचा आवाज पूर्ण मोठा केला.

सात
बसलो आहे. खरखर स्पष्ट येते. लाल दिवा बंद.

साडेसात
नदीवरून परतणारे दोघे आपसात बोलले. पंक्चरबद्दल. शब्द न शब्द ऐकू आला. ती नाही. बटणाला हात लावलेला नाही.

आठ
लावलेला नाही.

घरात आल्यावर
काका शेडचं दार ठोकून सांगून गेले. सात वाजता तुमच्या मिसेस आल्या होत्या. पुढच्या दाराशी. हातात किल्ली होती, पण बेलच वाजवत होत्या, बराच वेळ. मी म्हटलं, मागे शेडमध्ये आहेत, त्या यंत्रापाशी बसलेत, हाक मारू का. तर नको म्हणाल्या. ऐकतायत ना, ऐकू द्या, म्हणाल्या.

जाताना किल्ली काकांकडे देऊन गेली.

जेवायला बसलो तेव्हा ग्लास दोन भरले होते. एक ओतून टाकला.

सेटमध्ये काही दोष नव्हता.