पत्ता न सापडलेले अठरा

प्रिय वैभव,

दादरच्या सभागृहात, दंतवैद्यांच्या परिषदेत तुझा शोधनिबंध वाचून संपला, टाळ्या पडल्या, तेव्हा मी बाहेर बेसिनपाशी चुळा भरत होते. तुला वाटलं, मला भरून आलं. मला ओकारी येत होती.

पुढच्या दातांचे पोर्सेलिनचे ब्रिज, बारा वर्षांनंतर शंभरातले पंच्याण्णव शाबूत. पडद्यावर आपल्या दोघांची नावं. ऐंशी पेशंटांपैकी अठरा जणांपुढे तू 'पत्ता सापडला नाही' असं लिहून त्यांना मोजणीतूनच काढलंस.

त्यांतल्या राधाबाई निबंधाच्या दोनच दिवस आधी आपल्या परळच्या दवाखान्यात आल्या होत्या. लालबागच्या बालवाडीत शिकवायच्या, जिन्यावरून पडून पुढचे दोन दात गेले होते, त्या. आपण दोघांनी मिळून बसवलेला तो पहिला ब्रिज. त्या आनंदात माटुंग्याला जाऊन किती इडल्या खाल्ल्या होत्या आपण!

या वेळी त्या तोंडावरचा पदर काढेचनात. मी ब्रिजला हात लावला तर तो हातातच आला. रोज लोकांच्या तोंडात बघणारी मी, त्या वासानं मागे सरकले. ब्रिजच्या आधाराचे बाजूचे दोन्ही दात आतून कुजून काळे, भिजल्या बोळ्यासारखे मऊ. आणि वरचं पोर्सेलिन शुभ्र, एक चरा नाही.

घर बदललंत का, विचारलं. "नाय गो, चाळीस वर्सां त्याच खोलयेत रवतंय," त्या म्हणाल्या. "दोनदा हंय येवन गेलंय. डॉक्टर म्हणाले, वास तुमच्या पोटाचो." मुलं जवळ आली की नाक दाबायची, म्हणून बालवाडी सोडली त्यांनी. केसपेपरवर तुझंच अक्षर आहे: 'हलतो. पुन्हा चिकटवला.'

उरलेल्या सतरा जणांना मी फोन केले. अकरा जणांनी लगेच उचलला.

किळस त्या तोंडाची नाही आली, वैभव. तुझी आली, आणि माझीही. निबंधावर सही करताना ते अठरा मला दिसले होते. मी पान उलटलं.

आज सकाळी निबंध मागे घ्यायचा अर्ज मी परिषदेकडे दिला. नावं झाकून अठराही केसपेपर जोडले, माझी चूकही लिहिली. तुला बोलावतील. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. गुरुवारी राधाबाईंचे ते दोन दात काढायचे आहेत. त्या दिवशी जाताना त्यांनी विचारलं, "ते डॉक्टर असतले काय?" मी नाही म्हटलं. "बरां झालां," म्हणाल्या आणि पदर लावून जिना उतरल्या.

एकेकाळची तुझीच,
माया