तू विचारलंस कुणाला

प्रिय चष्मेवाल्या,

मी अजून त्याच हॉस्पिटलात आहे. नवजात बाळांच्या विभागातल्या यंत्रांची देखभाल-दुरुस्ती माझ्याकडे असते. नातेवाईक मला डॉक्टर समजून उठून उभे राहतात आणि मी पेचकस दाखवून त्यांना परत बसवते. बाळांना हात लावायची मला परवानगी नाही. बाळाला ऊब देणारी काचेची पेटी रिकामी असते तेव्हाच ती माझी.

गेल्या महिन्यात इथे एक गोष्ट घडली. ती मी कुणाला सांगितलेली नाही, कारण ऐकणारा एकतर हसला असता किंवा त्याने हात जोडले असते. तू दोन्ही केलं असतंस, म्हणून तुला लिहिते. माझं काम संपलं होतं. हत्यारं पिशवीत भरून मी जिन्यापर्यंत गेले आणि परत वळले. काही विसरलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. आत आले तर खिडकीजवळच्या पेटीतलं बाळ लालबुंद दिसलं. त्याच्या पोटावर चिकटवलेला तापमान मोजणारा बिल्ला सुटून बाजूला पडला होता. बिल्ला सुटला की यंत्राला वाटतं बाळ गार पडलंय, आणि ते आणखी ऊब देत राहतं. बिघाड काहीच नसतो. यंत्र आपलं काम चोख करत असतं आणि बाळ भाजत असतं. सिस्टर दुसऱ्या टोकाला एका बाळाच्या श्वासात गुंतल्या होत्या. मी ओरडले. त्या धावत आल्या, मला "व्हा बाजूला" म्हणाल्या आणि पुढचं सगळं त्यांनी केलं. बाळ सुखरूप आहे. त्याचे आजोबा दाराशी होते. ते म्हणाले, देवच आला बाई तुमच्या रूपाने. एरवी मी त्यांना बिल्ल्याचं काम समजावून सांगितलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली. कारण मी का वळले, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

तुला हे आयतंच मिळालं, माहीत आहे. तू म्हणशील, मग कुणी वळवलं? हा प्रश्न तू मला पहिल्या भेटीपासून विचारत आलास. तुझ्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं, आणि मी मोडका चष्मा घेऊन वाकून आत शिरले. नंतर भेटेल त्याला तू सांगायचास, देवानेच हिचा चष्मा मोडला, नाहीतर मी निघालोच होतो घरी. मी म्हणायचे, देवाने नाही, मी त्यावर बसले होते. तू म्हणायचास, इंजिनीअरीणबाई, पण बसवलं कुणी? गिऱ्हाइकं हसायची, मीही हसायचे. ते मला कधीच पूर्ण आवडलं नाही. तुझ्या देवाशी माझं वाकडं नव्हतं. पण शटर ओढताना तू थांबलास, चष्म्याची काडी बसवून झाल्यावरही काचा उगाच पुसत राहिलास, ते तर तू केलं होतंस ना? त्यातलं थोडं तरी तू स्वतःच्या नावावर ठेवायला हवं होतंस. मी कुणीतरी पाठवलेली मुलगी आहे, यापेक्षा तुला मी हवी आहे, एवढं मला पुरलं असतं.

मग इथली नोकरी आली. मी तुला दुकानात येऊन सांगितलं. तू भिंगं घासत होतास, मान वर न करता म्हणालास, चांगलंय की. बघू, देव काय दाखवतो. मी म्हटलं, बरं. बस सुटायच्या आधी तू आलास, माझा चष्मा काढून घेतलास, सैल झालेला स्क्रू आवळून दिलास आणि म्हणालास, तिकडे कुणा अडाण्याला हात लावू देऊ नकोस. मला वाटलं, आता बोलेल. तू काच पुसून चष्मा परत माझ्या नाकावर ठेवलास. तुला संकेत हवा होता आणि मला तू. दोघंही वाटच पाहत होतो. तू निदान कुणाची ते उघड सांगत होतास.

बाळाच्या प्रसंगानंतर मी यावर पुष्कळ विचार केला. देव आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही. पण तो असेल आणि जगात खरंच काही करत असेल, तर त्या दिवशी त्याला माझी पावलं लागली. जिन्यापासून पेटीपर्यंत चालायचं काम त्याने माझ्यासाठी केलं नाही. तसं तुझ्यासाठीही केलं नसावं.

काल तुझ्या ताईचा फोन आला. म्हणाली, तो अजून अडून बसलाय गं, कुठल्याच स्थळाला हो म्हणत नाही. रोज विचारतो तुझ्याबद्दल. मी विचारलं, कुणाला विचारतो? ती म्हणाली, देवाला, अजून कुणाला! फोन ठेवल्यावर मला हसू आलं. अरे, माझा नंबर तुझ्याकडे होता. तू मला विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते. बसमध्ये चढतानाही म्हणाले असते, इथे आल्यावर पहिलं वर्षभर तर कधीही. आज विचारलंस तर नाही म्हणेन. रागाने नाही. तू आपणहून आलास की तुला कुणी पाठवलं, हे मी आयुष्यभर तपासत बसेन, आणि तसं जगणं तुलाही जड जाईल. तू इतकी वर्षं ज्याची वाट पाहतोयस ते उत्तर तुला कुणीतरी द्यायला हवं होतं. दुसरं कुणी देताना दिसलं नाही, म्हणून मी देते आहे. आता थांबू नकोस. आणि पुढे कुणी आवडली, तर आधी तिला विचार.

एके काळी तुझीच,
इंजिनीअरीणबाई