पार्किंगमधला प्लग

१२ मे २००८
स्कूटर घेऊन दोन महिने झाले. बॅटरीची. धूर नाही, आवाज नाही, गंगापूर रोड ते सातपूरची आमची लॅब, जाऊन-येऊन एका चार्जिंगमध्ये. आणि आज पार्किंगमधल्या प्लगवर चिकटपट्टी! सोसायटीचे सेक्रेटरी देवरे यांची कृपा. म्हटलं, माझ्या खर्चानं वेगळा मीटर बसवते.
"पैशाचा प्रश्नच नाही हो मॅडम. आज तुम्ही लावाल, उद्या सगळेच लावतील."
लावू देत की! त्यासाठीच तर घेतली. हे तोंडावर सुचलं नाही, जिन्यात सुचलं. म्हणून जास्तच संताप.

१५ मे
तिसऱ्या मजल्यावरून, आमच्याच गॅलरीतून वायर खाली सोडली. लोडशेडिंग सांभाळून पहाटे उठते. देवरे म्हणे, "बिल्डिंगची शोभा जाते." त्यांच्या गॅलरीत वाळणाऱ्या बनियनांनी वाढते वाटतं.

२१ मे
वायर कुणीतरी उपटली होती. बघितलं नाही, तशीच निघाले. सातपूरच्या अलीकडे गाडी ठप्प. भर उन्हात ढकलत नेली. गेटवर वॉचमन, "ताई, चावीची हाय का ही?" सगळे खो खो.
घरी मोहन : "विकून टाक. पेट्रोलची घेऊ." नवरा आहे की देवऱ्यांचा वकील!

२८ मे
सोसायटीची मीटिंग. देवरे : "वीज तरी कशाची? एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसाच जळतो ना?"
म्हटलं, मग लिफ्ट काय उसाच्या रसावर चालते? एकलहऱ्याचं उद्या बदलेल, तुमच्या पेट्रोलच्या धुराचं काय बदलणार?
मतदान. प्लग बंदच. मोहनचा हात वर गेला नाही, कुठल्याच बाजूनं. याचाच राग सगळ्यात जास्त.

३ जून
देवरे दारात, गोड हसत. "पर्यावरण दिनाला तुम्हीच बोला मॅडम. हायड्रोजनवर. भविष्यातलं इंधन! लॅबवाल्या तुम्ही."
हायड्रोजन चालतो यांना. पार्किंगमध्ये येत नाही ना अजून.
नाही म्हणणार होते. आतून मोहन, "बोलेल ती." ह्याला कुणी विचारलं?

५ जून, दुपार
खाली खुर्च्या मांडल्यात. माइकला वीज लागते म्हणून चिकटपट्टी काढली. त्याच प्लगची! देवऱ्यांनी स्वतः, नखानं, सावकाश. बाजूलाच माझी स्कूटर. मीटिंगनंतर कंटाळून विकायला काढली, उद्या गिऱ्हाईक बघायला येणार.
मोहन खाली जाऊन आला. स्कूटरचा चार्जर माझ्या भाषणाच्या कागदांवर ठेवला आणि चहा टाकायला गेला.
सहाला बोलावलंय. चार्जर पिशवीत घातलाय. माझा आवाज माइकशिवायही पोचतो.