बोटांना राहिलेला वास

रविवार, संध्याकाळ

आज मी माती खाल्ली.

सायलीच्या जबड्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. दीड वर्ष तारा लावून दात सरकवले, मग जबडा कापून मागे घेतला. आता वरच्या-खालच्या तारा रबरांनी एकमेकींना बांधल्यात. पोरीचं तोंड उघडत नाही. सिरिंजने पेज आणि सूप, बस. ती खाईपर्यंत कुणीच मासळी खायची नाही, असं ठरलं होतं. ठरवणारी मीच!

दुपारी कोन गावात नणंदेकडे गेले. तिने तळलेले बोंबील वाढले. म्हणाली, "खा गो वयनी, पोरीला काय कलनार नाय." खाल्ले. एक नाही, चार. मग साबण, लिंबू, घरी येऊन परत साबण.

संध्याकाळी सूप भरवायला बसले तर सायलीने माझा उजवा हात धरला आणि बोटं नाकाशी नेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने वही ओढून लिहिलं, "बोंबील?"

मी मानेनेच हो म्हटलं. डॉक्टर म्हणतात, अजून चार आठवडे. त्यातला एक दिवस तरी मला कमी करता येतो का? साधं तिच्याबरोबर मासळीवाचून राहणंही जमलं नाही.

तिने परत लिहिलं, "हात राहू दे इथेच." आणि डोळे मिटले.

मी डाव्या हाताने भरवत राहिले.

भांडी सिंकमध्ये तशीच पडलीत. उजवा हात अजून धुववत नाही.