पोट्टं ठीक आहे, असं सांगू नका

१२ फेब्रुवारी
अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, नातवाचं, मंगेशचं, रोजचं लिहून ठेवा. झोप, गोळी, चिडचिड. झालं तेही लिहा. मला अक्षर येत नाही. मी सांगते, सून लिहिते. माझं वऱ्हाडी गाळून शाळेतलं मराठी लिहिते. लिहू दे. सासूचं बोलणं गाळायची सवय तिला जुनीच आहे.
(सून हसली. बऱ्याच दिवसांनी.)
झोप नाही. गोळी घेतली. भाकर अर्धी.

१४ फेब्रुवारी
झालं ते असं. नातू सोळाचा. संत्रा मंडीजवळ उभ्या ट्रकांचे दिवे दगडानं फोडले. "ते माह्याकडे पाहून राहिले होते," म्हणाला. एका क्लीनरच्या कपाळात काच गेली, टाके पडले. त्याआधी पोरगं किती दिवस झोपलं नव्हतं. आम्ही म्हटलं, वय आहे.
मोठ्यांचं कोर्ट नाही, पोरांचं मंडळ आहे. सध्या घरी सोडलंय. एक सरकारी बाई घरी येऊन चौकशी करणार. आजार आहे असं ठरलं तर उपचार. नाही तर खटला, आणि मग सुधारगृह...
पुढचं सुनेला लिहवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
मुलगा अकोल्याहून आला. गजू, मंगेशचा बाप. तिथं दालमिलमध्ये आहे. पोराजवळ बसला नाही, ओट्यावरच बसला. म्हणाला, "माय, शिक्षा झाली तं भोगून येईल पोट्टं. पण एकदा पागल म्हणलं ना, मरेपर्यंत पुसत नाही."
मला गजूचं पटलं.
झोप थोडी.

१८ फेब्रुवारी
गल्लीत घरोघर फिरले. बाईनं विचारलं तर सांगा, पोट्टं डोक्यानं बिलकुल ठीक आहे. शेजारची शांता म्हणाली, "मावशी, हे सांगा लागते का? आमी काय वैरी आहो?" किराणावाल्या रमेशनं तर पाठ म्हणून दाखवलं.

२१ फेब्रुवारी
बाई आल्या. वयानं लहान, स्कूटीवर. आधी गल्लीत हिंडल्या, मग आमच्याकडे. गल्लीनं माझं नाव राखलं. शांता म्हणे, "गरीब पोरगं, आपल्या कामाशी काम." रमेश म्हणे, "याच्याएवढं डोकं या गल्लीत कोणाचंच नाही." त्याच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बायकोला ते लागलं, असं ऐकते.
बाईंनी चहा संपवला. म्हणाल्या, "आजी, डॉक्टर म्हणतात आजार आहे. गल्ली म्हणते काहीच नाही. काहीच नाही, तर त्यानं दगड शुद्धीत, ठरवून मारले. असं लिहू का मी?"
मी त्यांचा रिकामा कप उचलला.
आत सून भांडी घासत होती, आवाज थांबला. ओल्या हातानं बाहेर आली आणि बोलायला लागली. पोरगं रात्रभर अंगणात फिरे. माठातलं पाणी पिईना, कोणी काही टाकलं म्हणे. भिंतीशी भांडत बसे. सगळं सांगितलं. माझ्यासमोर इतकं ती आजवर बोलली नव्हती. हे लिहायला लाजून राहिली. लिही सुनंदा.
बाई म्हणाल्या, सोमवारी परत येते, तेव्हा पुन्हा विचारते सगळ्यांना.

२२ फेब्रुवारी
पुन्हा गल्ली. आता उलटं सांगायला.
रमेश: "बुढे, आता पागल सांगू का?"
मी: "पागल नको सांगू. जे पाहिलं ते सांग."
"मंग पहिले काऊन पाठ करून घेतलं?"
"म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला होता, तेही सांग."
शांता म्हणाली, "घरात दोन पोरी आहेत लग्नाच्या. मले कशात ओढू नका मावशी." दार लोटून घेतलं. गेल्या हप्त्यात मीही तेच दार लोटलं असतं.
गजूला फोन. ऐकून घेतलं, ठेवून दिला.

२४ फेब्रुवारी
रमेशनं बाईंना सांगितलं. मंगेश पहाटे शटर वाजवून विचारे, "माह्या नावानं कोण बोलून राहिलं?" इतके दिवस आमच्यापासून लपवलं होतं त्यानं. आमची इज्जत राखायला.
शांताचं दार बंदच.

६ मार्च
अमरावती. मंडळ म्हणजे टेबल आणि खुर्च्या. ना पिंजरा, ना काळे कोट. मी नऊवारी इस्त्री करून गेले ते वाया गेलं.
मंडळाच्या मॅडमनी मंगेशला विचारलं, उपचार घेशील? म्हणाला, "आजी म्हणेल तसं." त्या म्हणाल्या, "आजीचं नको, तुझं सांग." तेव्हा म्हणाला, "मले झोप पाहिजे."
ठरलं, उपचार. राहणं घरीच. देखरेख त्याच बाईंची. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहणार. मधेच सोडलं तर खटला उभाच आहे.
येताना एसटीत म्हणाला, त्या क्लीनरला भेटायचं. डॉक्टरांना विचारू.

१९ मार्च
गोळीनं फुगला. दुपारपर्यंत लोळतो. आज म्हणे गोळी नकोच. सून हातात पाण्याचा गिलास घेऊन उभी. मी म्हटलं, "बरं बापा, मंग मी बी बीपीची बंद करतो." चिडला, पण घेतली. मग माझ्याकडे पाहत बसला. चार दिवस चुकवलेली माझीही घ्यावी लागली.

६ एप्रिल, रविवार
उद्या तारीख. झोप रात्रभर. भाकरी दोन, वर भाताला जागा होतीच.
गजू आलाय. मिलमध्ये उद्याची सुट्टी मागितली. काय सांगून, ते बोलत नाही. आज ओट्यावर नाही, आत बसला.
जेवताना मंगेश म्हणाला, "आजी, मले आता ठीक वाटून राहिलं. उद्या हे सांगू का नको सांगू? ठीक आहे म्हणलं तं केस उभी करतील का?"
मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.
मी म्हटलं, "ठीक वाटते आणि गोळी चालू आहे. दोन्ही सांग."
"घाबरून एकच तोंडातून निघालं तं?"
"तं ठीक वाटते ते निघू दे. तुह्या बापानं तुह्या तोंडून अजून ऐकलं नाही ते."
गजूनं ताटातून मान वर केली नाही. म्हणाला, "ऐकलं."