पांढरं पिल्लू

२ मार्च, रविवार

नेलं. पांढरंच नेलं!

नणंदबाई अकराच्या सुमाराला आल्या आणि चपला न काढता सरळ मागच्या बागेत गेल्या. सासूबाईंना जाऊन आज अठरा दिवस. "आईची आठवण म्हणून एक पिल्लू नेते," म्हणाल्या. मला नाही, ह्यांना. मी तिथेच खुरपं घेऊन उभी होते.

शोभेचं अळू आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. एकेक पान सुपाहून मोठं — अर्धं हिरवं, अर्धं पांढरं, कुणी चुन्याचा हात मारल्यासारखं. बुडाशी तीन पिल्लं होती. दोन हिरव्या-पांढऱ्या पानांची, एक निव्वळ पांढरं, कागदासारखं. नणंदबाईंनी पांढऱ्यावर बोट ठेवलं. हेच सगळ्यांत देखणं, म्हणे.

पांढरं पिल्लू एकटं जगत नाही. पानात हिरवा रंगच नाही तर अन्न कशाचं करणार? मोठ्या झाडाच्या जिवावर उभं असतं. वेगळं केलं की महिना, फार तर दीड. सासूबाईंनी हे मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतं.

एका वाक्याचं काम होतं. मी कुंडी आणली, कंद मुळांसकट सोडवून दिला, माती दाबून दिली. चीक लागलाय, खाज सुटेल, हात धुवा — एवढंच बोलले.

५ मार्च

वाईट वाटतंय का? नाही.

९ मार्च, रविवार

लिहूनच टाकते, नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहील.

सासूबाई गेल्या त्या दिवशी हॉस्पिटलात सिस्टर म्हणाली, दोघांनीच आत या, गर्दी नको. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. नणंदबाईंनी माझ्या दंडाला धरून बाजूला केलं. "वहिनी, तू थांब. आता पोटची माणसं असू देत."

पोटची माणसं! वर्षातून दोनदा येणारी. बावीस वर्षं रोज संध्याकाळी शाळेतून आले की मी आणि सासूबाई बागेत. त्या स्टुलावर बसून हुकूम सोडणार, मी मातीत. "मास्तरीण असशील शाळेत, इथे बिगारीत आहेस," म्हणायच्या. तीन वर्षं आजारी होत्या. अंघोळ, औषधं, रात्रीची उशी वळवणं — तेव्हा कुणी पोटाचं नाव काढलं नाही.

हे? मान खाली घालून बहिणीच्या मागे आत गेले.

मी बाकावर बसले. समोर भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. सहा पायऱ्या. मला पाठ झाल्या. मध्ये एकदा हे औषधं आणायला खाली जाऊन आले, माझ्याकडे न बघता. दीड तासाने दोघं बाहेर आली तेव्हा सगळं संपलं होतं.

१३ मार्च

स्टाफरूममध्ये भूगोलाच्या बाई म्हणाल्या, चला, सुटलीस एकदाची. मी वह्या तपासत राहिले. तर आणखी वर — सासूसुनेची माया म्हणजे अळवावरचं पाणी, चार दिवसांत विसरशील.

या बाईंनी कुंडीत साधी तुळस जगवून दाखवावी, मग अळवाबद्दल बोलावं. एका मुलाच्या वहीवर लाल रेघ इतकी जोरात ओढली की पान फाटलं. त्याचं उत्तर बरोबर होतं.

१७ मार्च

नणंदबाईंचा फोन. ह्यांच्या नाही, माझ्या फोनवर! पान कडेने तपकिरी पडतंय, ऊन लागत असेल का? मी म्हटलं, सावलीत ठेवा.

१९ मार्च

परत फोन. पाणी जास्त होतंय का? म्हटलं, कमी घाला.

२३ मार्च, रविवार

बावीस वर्षांत केले नसतील इतके फोन या आठवड्यात. आज म्हणाल्या, कुंडी झोपायच्या खोलीत आणून ठेवलीय, खिडकीला पातळ ओढणी बांधलीय. दुपारची कामावरून घरी येऊन बघून जातात. "तुझा हात चांगला आहे, आई नेहमी म्हणायची. माझ्या हाताला गुणच नाही बघ."

मी म्हटलं, बघू या, नवीन पान येईल.

हे खोटं मी शांतपणे बोलले. फोन ठेवल्यावर ह्यांच्यावर ओरडले, टॉवेल ओला का टाकला म्हणून. हे म्हणाले, तुम्हा दोघींत मी म्हणजे अडकित्त्यातली सुपारी. म्हटलं, सुपारीने त्या दिवशी तोंड उघडायचं होतं. तेव्हापासून घरात अबोला.

२९ मार्च

बागेतल्या मोठ्या झाडाला नवीन पान उलगडलं. निम्मं पांढरं, निम्मं हिरवं, सरळ रेघ मधून. दाखवायला कुणी नाही.

६ एप्रिल, रविवार

सकाळी हिरव्या-पांढऱ्यातलं एक पिल्लू काढलं, कुंडीत लावलं आणि रिक्षाने नणंदबाईंकडे गेले. ह्यांना सांगितलं नाही.

त्यांच्या खिडकीत कुंडी होती. कुंडीत बोटभर मऊ पडलेला देठ. गळालेलं पान त्यांनी वर्तमानपत्रात घालून उशाशी ठेवलं होतं. डोळे सुजलेले. आईची एवढी एकच गोष्ट मागून आणली आणि तीही मारली, म्हणाल्या.

मग मी सांगितलं. पांढरं एकटं जगत नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी कुंडी भरून दिलीस?"

"पोटच्या माणसांना माहीत असेल असं वाटलं."

वाटलं होतं, हे वाक्य बोलले की आत काहीतरी मोकळं होईल. काही झालं नाही. त्या ओरडतील, घराबाहेर काढतील, याचीही तयारी होती. त्या उठल्या आणि ओट्याशी जाऊन धुतलेलेच कप पुन्हा धुऊ लागल्या. बराच वेळ. माझ्याकडे पाठ. मी नवी कुंडी खिडकीत ठेवली आणि निघाले.

रिक्षात हाताला खाज सुटली होती. घरी येईपर्यंत मनगट लाल.

७ एप्रिल

मधल्या सुट्टीत नणंदबाईंचा फोन आला. मी जिन्याखाली जाऊन घेतला.

त्या दिवशी दादा औषधं आणायला खाली गेला होता, म्हणाल्या, आत मी एकटीच होते. आईने डोळे उघडले. तिला माझी ओळख लागली नाही. तुझ्याच नावाने हाक मारत होती, सारखी. तुला बोलवायला दारापर्यंत आले, पण मी दार उघडलं नाही. परत गेले आणि मीच ओ दिली.

मी विचारलं, काय म्हणाल्या?

"जेवलीस का, म्हणाली. मी म्हटलं, जेवले."